मैदानातच बाद

क्रांती मॅडमकडं करिअर मार्गदर्शनाचं काम आलं ते काही आवड म्हणून नव्हे. कामं वाटून घ्यायच्या बैठकीला त्या उशिरा पोचल्या आणि उरलेलं काम त्यांच्या गळ्यात पडलं. झालं! आष्ट्याजवळच्या त्या शाळेत भूगोल शिकवता शिकवता आता पोरांना आयुष्याच्या वाटाही त्यांनीच दाखवायच्या होत्या. पण काम अंगावर आलं की ते नेटानं करायचं, हा त्यांचा स्वभाव. त्यांनी भिंतभर तक्ता काढला. मधोमध ‘बारावीनंतर काय?’ आणि तिथून निघालेले रंगीत बाण. निळा इंजिनिअरिंगकडं, हिरवा शेती आणि डेअरीकडं, लाल फौज आणि पोलिसांकडं. पोरं यायची, लाल बाण बघायची आणि मैदानावर पळायला जायची. गावात घरटी एक फौजी, त्यामुळं बाकीचे बाण हौसेपुरतेच होते.

एका दुपारी इंद्रजित हवालदार आले. फौजेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी चाल अजून परेडचीच. बारावीतला वीरधवल त्यांचा एकुलता एक मुलगा.

“मॅडम, तुमी तरी त्याला समजवा. माझं ऐकंना झालंय.”

“काय झालं?”

“पळंना झालंय ओ. गेल्या साली तालुक्यात पैला आल्यालं पोरगं, आता लायनीत सगळ्यांच्या मागं. पाय धड हायत, खाणं धड हाय, पण जीवच लावंना. भरतीच्या लेखी पेपरात पास झालाय. आता मैदान मारलं की मेडिकल, आन मेडिकलचं तर टेन्शनच न्हाई. आमच्यात आज्यापासनं सगळी फौजेत. ह्याचा मामा बाळासो तेवढा भरतीतनं परत आला, छाती कमी भरली म्हणून. माझ्या पोराची छाती बघा की!”

बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला. माणूस चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. मॅडमना त्यांची दया आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वीरधवलला बोलावून घेतलं. पोरगा उंचापुरा, पण खांदे पाडून उभा.

“भरती नको असेल तर तसं सांग. तुझ्या वडिलांशी मी बोलते.”

“भरती नको कशाला मॅडम? ल्हान असल्यापासनं तेच पायजे मला.”

“मग पळत का नाहीस?”

मॅडमनी कोरा कागद आणि स्केचपेनांचा डबा पुढं सरकवला. तोंडानं बोलत नाही तर कागदावर बोलेल, असा त्यांचा हिशेब. “तुझा तक्ता तू काढ. फौजेला लाल बाण, शेतीला हिरवा. ज्या वाटेला जायचंय तो बाण मोठा.”

वीरधवलनं डब्यात हात घातला, थोडा घुटमळला आणि एक पेन उचललं. ठळक, लांब बाण काढला आणि टोकाशी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘फौज’. बाण हिरवा होता.

“मस्करी करतोस?” मॅडम कडाडल्या. “लाल म्हटलं ना मी?”

पोरानं कागदाकडं बघितलं, मग मॅडमकडं. चेहरा पार उतरला.

“हे हिरवं हाय व्हय?”

मॅडमचा राग जागच्या जागी विरला. त्यांनी लाल पेन हिरव्याशेजारी ठेवलं. त्याला दोन्ही सारखीच दिसत होती. ही गोष्ट त्याला कधीपासून ठाऊक होती. पिकलेला टोमॅटो तो हातानं दाबून ओळखायचा.

“मेडिकलला रंग दावत्यात,” तो म्हणाला. “तितं मी बाद हुणार. म्हणून म्हणलं, मैदानातच बाद हुऊ. घरी सांगू नका, मॅडम. पाया पडतो.”

मॅडमना वाटलं, पोरगा लाजतोय. त्यांनी त्याची समजूत काढली. यात लाज कसली? डॉक्टरांना दाखवू, वडिलांना खरं कळू दे, दुसरी वाट शोधायला वेळ मिळेल. सगळं अगदी बरोबर बोलल्या. वीरधवल पाया पडायचाच तेवढा राहिला, पण मॅडमनी शनिवारी आईवडिलांना बोलावलं.

हवालदार खुर्चीत ताठ बसले, वीरधवल त्यांच्या मागं उभा. वीरधवलची आई मालनबाई दाराशीच उभ्या राहिल्या, कितीदा म्हटलं तरी बसल्या नाहीत. मॅडमनी जमेल तितक्या सौम्यपणे सांगितलं. हवालदारांना आधी ते समजलंच नाही.

“रंग दिसत न्हाईत? आवं, पण हे आलं कुटनं? आमच्या घरात कुणालाच न्हाई असलं!”

“काहींना जन्मापासूनच असतं. बहुतेक वेळा आईकडून मुलाला...”

शिकवायची सवय. प्रश्न आला की उत्तर द्यायचं. मॅडमनी वाक्य अर्ध्यावर तोडलं, पण ते खोलीत पोचलं होतं. मालनबाईंनी पदर घट्ट धरला.

“मॅडमचं कायतरी चुकलंय,” वीरधवल घाईघाईनं म्हणाला. “मला समदं दिसतंय, पप्पा. पळायचा कटाळा आल्ता, म्हणून नाटक केलं.”

हवालदारांनी टेबलावरच्या डब्यातलं एक पेन उचललं आणि त्याच्या डोळ्यांपुढं धरलं.

“कंचा रंग?”

“हिरवा.”

पेन लाल होतं. हवालदारांचा हात वर गेला. “बापाची मस्करी करतोस व्हय रं?”

“मारू नगासा त्याला!”

मालनबाई दारातून आत आल्या होत्या. आवाज खणखणीत. “त्याला न्हाई दिसत. माज्या बाळासोलाबी न्हाई दिसत. पोरगं बोलाय लागलं तवापासनं बघत्या मी. दरसाली वाटायचं, औंदा नीट हुईल.”

हात तसाच हवेत राहिला. मग हवालदारांनी तो सावकाश खाली घेतला.

“छाती कमी भरली, असं सांगितलं हुतंसा,” ते बायकोला म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात ते तिला पहिल्यांदाच परक्या बाईसारखं अहोजाहो करत होते. पेन डब्यात ठेवून ते एकटेच निघून गेले.

पुढच्या आठवड्यात क्रांती मॅडमनी सगळी तयारी करून ठेवली. रंगांची अट नसलेले कोर्स शोधले, कराडच्या कॉलेजात फोन केले. वीरधवल आला तेव्हा त्या उत्साहानं बोलायला लागल्या. तो ऐकत राहिला. मधेच त्यानं मान वर केली.

“आई म्हसवडला गेली, मॅडम. म्हायेरी.”

“कधी येणार?”

“पप्पा म्हनलं, आता भावाकडंच ऱ्हा.”

मॅडमच्या हातातले कागद हातातच राहिले. रडू येत होतं, आणि त्या पोरापुढं रडायचा आपल्याला हक्क नाही हेही कळत होतं.

“बायलॉजीत शिकवलंय आमाला हे कुणाकडनं येतंय ते,” वीरधवल म्हणाला. “मैदानात बाद झालो असतो तर शिव्या मला बसल्या असत्या. आई घरात असती.”