किरकिरीचा शिक्का

"या चौघांसमोर ‘किरकिर’ लिहून टाका," डॉक्टर हॉलिस म्हणाला आणि चार नंबरांची चिठ्ठी त्याने वर्ना प्रुइटच्या अर्धवट खाल्लेल्या सँडविचशेजारी ठेवली.

वर्नाने चिठ्ठीला हात लावला नाही. "का?"

"रडत होती ती."

"चारही?"

"वर्ना, मला आज शोधनिबंध पाठवायचाय."

इंडियानातल्या विद्यापीठाच्या या प्रयोगशाळेत वर्नाला एकोणीस वर्षं झाली होती. त्याआधी ती कारखान्यात पट्ट्यावरून सरकणारे मटार निवडायची. डिग्री नव्हती, नजर होती. इथलं काम बघणाऱ्याला पोरखेळ वाटावं असं. आठ महिन्यांचं बाळ आईच्या मांडीवर बसायचं आणि समोर छोट्या रंगमंचावर चेंडू पडद्याआड जायचा. पडदा उठला की कधी चेंडू असायचा, कधी गायब. आईने नकळतही खाणाखुणा करू नयेत म्हणून तिला काळाकुट्ट चष्मा. वर्ना शेजारच्या खोलीत. तिला कॅमेऱ्यातून टीव्हीवर फक्त बाळाचा चेहरा दिसे, चेंडूचं काय झालं ते दिसत नसे. बाळ बघतंय तोवर बटण दाबून धरायचं, नजर हटली की सोडायचं. बाळ फारच रडलं तर ‘किरकिर’ लिहायचं, की ते प्रयोगातून बाद. बाद कोणाला करायचं हे ठरवायचा हक्क तिचा एकटीचा, कारण बाळाने काय पाहिलं हे एकट्या तिलाच ठाऊक नसे.

हॉलिस दोन वर्षांपूर्वी आला होता. चेंडू गायब झाला की बाळं जास्त वेळ बघत राहतात, म्हणजे डोळ्याआड गेलेली वस्तू असतेच हे त्यांना कळतं, असं त्याला दाखवायचं होतं. बहुतेक बाळं त्याच्या मनासारखी वागली होती. न वागलेली कोण, ते चिठ्ठीच सांगत होती.

"निकाल बघून आलात," वर्ना म्हणाली. "त्याआधी एकाचंही रडणं ऐकू आलं नव्हतं तुम्हाला."

"सतरा नंबरने तोंड वाकडं केलं होतं. तुमच्याच अक्षरात आहे."

"शिंक आली होती. पुढच्या ओळीत तेही आहे. वाचायचे कष्ट घ्या."

हॉलिस हसला. ते हसू बघून वर्नाचं डोकं फिरलं. "तुम्हाला बटण दाबायला ठेवलंय," तो म्हणाला. "मला शास्त्र शिकवायला नाही."

"बाळांना काय कळतं ते तुम्हाला ठाऊक असेल, डॉक्टर. ती रडली की नाही ते मला ठाऊक आहे. मी लिहिणार नाही."

"मग बटणालाही हात लावू नका."

चौघांसमोरचं ‘किरकिर’ त्याने एका विद्यार्थिनीकडून लिहून घेतलं आणि वर्नाला बाहेरच्या टेबलावर बसवलं. आलेल्यांना गाडी लावायची जागा दाखवा, बाळांनी चोखलेली खेळणी धुवा. निवृत्तीला चौदा महिने उरले होते, म्हणून ती गप्प राहिली. त्या गप्प बसण्याबद्दल तिला स्वतःचीच चीड यायची.

तीन आठवड्यांनी शॉना लेडबेटर आली. पॅनकेकच्या हॉटेलात वाढायचं काम करायची, तोच एप्रन अंगात. कडेवर ओटिस, म्हणजे सतरा नंबर. हातातलं पत्र तिने टेबलावर आपटलं.

"हे कोणी लिहिलंय? ‘आपलं बाळ किरकिर करत असल्यामुळे त्याची नोंद धरता आली नाही.’"

"बसा ना, आई," वर्ना म्हणाली. इथे आलेल्या प्रत्येकीला ‘आई’च म्हणायची पद्धत होती.

"आई कोणाला म्हणता? मला नाव आहे. माझी सासू आधीच म्हणते, या पोराचं कशात लक्ष नसतं, काहीतरी कमी आहे. हे पत्र तिने फ्रीजवर लावलं होतं. म्हणते, बघ, आता युनिव्हर्सिटीनेपण लिहून दिलं. मी उपटून आणलंय." तिचा आवाज फाटला. "तो चष्मा घालून बसवलंत मला. मला याचं तोंडही दिसलं नाही. रडला का हा? की मलाच ऐकू येत नाही?"

आवाज ऐकून हॉलिस आतल्या दारात येऊन उभा राहिला. "वर्ना, पालकांना निकाल सांगायचा नाही. मी बघतो."

"निकाल सांगतच नाहीये," वर्ना म्हणाली आणि शॉनाकडे वळली. "त्या दिवशी याचा चेहरा फक्त मी बघत होते. हा रडला नाही. एकदा शिंकला आणि परत समोर बघायला लागला. शेवटपर्यंत बघत होता."

"मग हे असं का लिहिलं?"

"यांना हवं होतं तिथे जास्त बघितलं नाही म्हणून."

"तुझं सामान आवर," हॉलिस म्हणाला. दोन वर्षांचं ‘तुम्ही’ एका वाक्यात संपलं. "आत्ताच्या आत्ता."

वर्नाला भीती वाटली, खरोखर वाटली. पण तिने पेन उचललं आणि पत्रातल्या त्या ओळीवर काट मारली. वर लिहिलं, ‘रडला नाही.’ खाली पूर्ण नाव घातलं.

"नुसतं नाव चालायचं नाही माझ्या सासूला," शॉना चिडूनच म्हणाली. "तुम्ही कोण इथल्या?"

एकोणीस वर्षांत इथून बाहेर पडलेल्या एकाही निबंधात वर्नाचं नाव नव्हतं, त्यामुळे हुद्दा काय लिहायचा ते तिला सुचेना. मग नावाखाली तिने लिहिलं, ‘पाहणारी’.

शॉनाने ते दोनदा वाचलं, घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवलं आणि आभार न मानता ती ओटिसला घेऊन निघून गेली.