आजार नसलेलं गाव

मडिवाळप्पांनी सोलापूरच्या कौतुकाचं सोळा पानी पुस्तक छापलं आणि त्यात ऊन हा शब्द एकदाही येऊ दिला नाही. आता सोलापुरात राहून ऊन लपवायचं म्हणजे हत्ती पदराखाली घ्यायचा! पण माणूस एकदा गावाची अब्रू राखायच्या नादाला लागला की त्याला कोण आवरणार?

तसं त्यांचंही खोटं नव्हतं. आदल्या वर्षी शहरात मार्शल लॉ लागला, गोळ्या चालल्या, आणि तेव्हापासून सोलापूरचं नाव काढलं की बाहेरगावची माणसं तोंड कसनुसं करत. व्यापारी मंडळींनी मनावर घेतलं. पुस्तक पुण्या-मुंबईला गेलं : या, इथे राहा, इथे धंदा करा. गाव बघायला पौषात, गड्ड्याच्या जत्रेला या, असं शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत होतं. पौषात सोलापूर कुणालाही आवडेल.

पुण्याच्या डॉक्टर मथुराबाईंनी ते पुस्तक वाचलं आणि त्या भर वैशाखात आल्या.

मग काय धावपळ! मडिवाळप्पांच्या माडीवर वाळ्याचे पडदे लागले, बर्फाची लादी आली. ताटं वाढायला त्यांनी भावजयीला बोलावलं. शिवम्मा त्यांच्या थोरल्या भावाची विधवा. शुक्रवार पेठेत तिचं शेंगाचटणीचं दुकान होतं आणि जिभेलाही त्याच चटणीचा ठसका होता. ती आली ती वाढायला नव्हे. तिची लेक दाक्षायणी गेल्या साली पहिल्याच बाळंतपणात गेली होती, आणि आता घरात सून बसम्माला आठवा सरत होता. बाई डॉक्टर या गावात राहिली पाहिजे, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

जेवणं झाली. मथुराबाईंनी विचारलं, "इथे बायकांची दुखणी, अडलेली बाळंतपणं, वर्षाला साधारण किती असतील?"

मडिवाळप्पांची छाती फुगली. "बाईसाहेब, तुमी निर्धास्त ऱ्हावा. आमच्या गावात आजारच न्हाय! हवा लई कोरडी. रोगराई टिकतच न्हाय की."

बाकीच्या व्यापाऱ्यांनी माना डोलावल्या. एकानं तर आपल्या गल्लीत दहा वर्षांत कुणी खोकलंसुद्धा नाही असं ठोकून दिलं.

मथुराबाईंनी पुस्तक मिटलं. "मग मी इथे येऊन करू काय?"

सगळ्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली. डॉक्टरला बोलावून गावात आजारी कुणी नाही म्हणून बढाई मारायची, ही अक्कल कुठल्या बाजारात मिळते कोण जाणे. मडिवाळप्पा चाचरले, "तसं थोडंफार... लागंल तेवढं आजारी पडतील की."

शिवम्माचा संताप मस्तकात गेला. हातातलं ताट तिनं खाली आदळलं.

"बाई, ह्येंचं ऐकू नगा. हितं मानसं आजारी पडत्यात आन मरत्यात बी. वैशाखात भिंतीला हात लावला तर पोळतो. नळाला तासभर पानी, त्यात बी भांडनं. तुमी आला तर पैले सा म्हैने बाया तुमच्याकडं येनार न्हाईत, लांबनं बघत्याल."

"वैनी, आत जावा," मडिवाळप्पा दबक्या आवाजात म्हणाले.

"न्हाय जात! आत बसूनच पोरगी घालवली मी." ती पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे वळली. "पर म्हनून गाव वंगाळ न्हाय. दारात बंदुका हुत्या तवा बी ह्या पेठंत एकमेकाची चूल आमी इझू दिली न्हाय. कानडी, तेलगू, मुसलमान, कुनाची म्हनून न्हाय. असलं गाव पुन्यात घावतंय का बघा. लपवायला आमी काय चोरी केलीय?"

मथुराबाई तिच्याकडे वळल्या. "तुमच्या मुलीला दवाखान्यात का नेलं नाही?"

"तितला डाक्टर पुरुष."

"नेऊ नका म्हणालं कोण?"

माडीवर बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. शिवम्माला मान खाली घालता आली असती, नवऱ्याकडच्या चार म्हाताऱ्यांची नावं घेता आली असती. तिनं मान वर ठेवली.

"मी," ती म्हणाली.

मथुराबाई उठल्या. आपली काळी पेटी त्यांनी स्वतःच उचलली. "सून कुठे आहे तुमची? चला."

दुपारचे दोन वाजलेले. टांगा जोडेपर्यंतही शिवम्माला दम निघेना. डोक्यावर पदर घेऊन ती पुढं आणि मागं घामानं निथळणाऱ्या डॉक्टरीणबाई, अशा दोघी पेठेतून चालत निघाल्या. पोटुशीला कुणा परक्याला दाखवायचं नाही, अशी तिथली रीत. म्हणून शिवम्मा मुद्दाम मोठ्यानं सांगत चालली, "डाक्टरीनबाई हायत! माज्या सुनंला बघायला चालल्यात!" दारादारांतून बायका डोकावल्या. काहींनी नाकं मुरडली, काही हळूच मागं निघाल्या.

चटणीच्या दुकानामागच्या खोलीत मथुराबाईंनी बसम्माला तपासलं. पोटावर दोन्ही हात ठेवून त्यांनी बाळाचं डोकं कुठे आहे ते चाचपलं.

"मूल आडवं आहे," त्या म्हणाल्या. "घाबरू नका. वेळ आहे अजून, वळवता येईल. नाहीच वळलं तरी मार्ग असतो. पण मला इथे राहावं लागेल."

शिवम्मा उंबऱ्यावरच बसली. दाक्षायणीचं सगळं तिच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं, ते दोन दिवस, आणि सुईणीनं बाहेर येऊन सांगितलेलं ते.

"बाई, माज्या दाक्षीच्या टायमाला आधी हात भाईर आला हुता. म्हंजी ते बी असंच आडवं?"

"हो."

"वेळंवर न्हेली असती तर?"

वाळ्याच्या पडद्याआडची मंडळी असती तर त्यांनी काहीतरी गोड सांगितलं असतं. मथुराबाईंनी तिच्याशेजारी जमिनीवर बसून तिचा हात धरला.

"बहुतेक वाचली असती," त्या म्हणाल्या.

शिवम्मा रडली. वर्षभरात पहिल्यांदाच, आणि दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या बायकांसमोर. कुणी तिला उगी राहा म्हटलं नाही. मग तिनं पदरानं तोंड खसाखसा पुसलं, ती उठली आणि शेंगांचं पहिलं पोतं दोन्ही हातांनी ओढत रस्त्यावर काढू लागली.

"बघत काय ऱ्हायलाय गं?" ती बायकांवर ओरडली. "हात लावा की! बाईला दवाखाना मांडायला जागा नगो?"