देवगांडुळाची चिठ्ठी

"साप हाय, सर."

"खवले दिसतात का बघ," गुरुबसप्पा सर म्हणाले.

उमादेवीनं बरणीच्या काचेला नाक टेकवलं. "न्हाई. मग गांडूळ हाय. अंगावर कडी हायेत."

"गांडुळाला जबडा असतोय?"

वर्ग हसला. सरांनी घाई केली नाही. कातडी ओली, तोंडात दात, डोळे असून नसल्यासारखे. "मातीत राहायचं तर पाय कशाला? हे देवगांडूळ. बेडकाच्या भावकीतलं."

"बिनपायाचा बेडूक? लई ठकवायलेत सर."

सर बरणी पुसत राहिले. बहात्तरच्या दुष्काळात त्यांची लेक शिवकन्याही हेच म्हणाली होती. विहिरीतला गाळ उपसताना हे निघालं. गड्यांनी साप म्हणून फावडं उचललं, तर ही आडवी आली. नांदेडच्या कॉलेजातले प्राध्यापक येईपर्यंत ते जगवायचं, म्हणून आपल्या वाटणीच्या पाण्यातलं घोटभर ती त्याच्या मातीवर शिंपडायची. टँकर चार दिवस आला नाही, तेव्हा सरांनी तिच्या हातातला पेला काढून घेतला. "माणसाला न्हाई पाणी."

सकाळी ते सुकून पडलं होतं. तिनंच ते स्पिरिटात घातलं, बरणी पुसली, पेन्सिलीनं चिठ्ठी लिहून चिकटवली. त्याच उन्हाळ्यात हगवणीनं ती गेली. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे तिला बसवून माती दिली.

तास सुटला आणि कारकून धोंडप्पा आला. "सर, आपण आता लातूर जिल्हा. सोमवारी तपासणी हाय. उस्मानाबादच्या समद्या चिठ्ठ्या काढायच्या."

"सापडलं त्या दिवशी उस्मानाबादच होता, धोंडप्पा. नमुन्याची पहिली चिठ्ठी काढत नसतात."

"ते तुमच्या बेडकाला सांगा. बोलणी मला बसतेत." मग त्याची नजर चिठ्ठीवरच्या शिवकन्याच्या अक्षरावर गेली. कोऱ्या चिठ्ठ्या टेबलावर ठेवून तो निघून गेला.

शाळा सुटल्यावर सरांनी चिठ्ठीवर ओलं फडकं ठेवलं. आज पाण्याला हात आखडला नाही. चिठ्ठी अख्खी निघाली. 'अहमदपूर, जि. उस्मानाबाद. शोधणारी: शिवकन्या, आठवी.' पेन्सिलीचं अक्षर पाण्यात, स्पिरिटात भिजलं तरी पुसलं जात नाही, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

त्यांनी बरणीवर लातूरची चिठ्ठी लावली. मग झाकणाचं मेण खरवडलं आणि जुनी चिठ्ठी, अक्षरं बाहेर करून, दोन बोटांनी आत सोडली.

ती स्पिरिटात हळूहळू खाली गेली आणि देवगांडुळाला टेकून बसली.