बिनसाखरेचा

अर्धा कप चहा पिऊन झाल्यावर भावाला आठवलं, की आपल्याला मधुमेह आहे.

आठवलं म्हणजे आईनंच ओरडून आठवण करून दिली. "अरे, साखर! आत्ताच म्हणालास ना, तपासणीत साखर निघाली म्हणून? आणि दोन चमचे घातलेला चहा ढोसतोयस?"

त्यानं कप घाईनं खाली ठेवला. थोडा चहा बशीत सांडला. "सवय गं, आई. लक्षात राहत नाही."

"लक्षात ठेव. बस चालवतोस. चाळीस माणसं असतात तुझ्या भरवशावर."

मिलीबाई समोरच्या खुर्चीत बसली होती.  इस्पितळातून आलेला भावाचा कागद तिच्या मांडीवर होता. त्यावर एकच ओळ होती: 'दाता म्हणून योग्य नाही.'

मिलीबाई हे तिचं खरं नाव नव्हे. बावीस वर्षं ती शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होती. द्रावणं बनवायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, आणि "दहा मिली म्हणजे दहा मिली, अकरा नाही" असं मुलांना दरडावायचं. मुलांनी तेच नाव पाडलं. आता दोन्ही किडन्यांनी मान टाकल्यावर ते मोजमाप तिच्यावरच उलटलं होतं. दिवसाला आठशे मिली पाणी, दूध-चहा सगळं धरून. शाळेतून निरोपाच्या वेळी मिळालेल्या काचेच्या मोजपात्रात ती चहासुद्धा मोजून घ्यायची. साठ मिली. आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या यंत्राला जोडून घ्यायचं आणि बाकीचे दिवस तहान विसरायची.

दोन महिन्यांपूर्वी इस्पितळात किडनीदानाचं काम बघणाऱ्या समन्वयक बाईंनी तिघांना समोर बसवून सगळं समजावलं होतं. आई लगेच म्हणाली, "माझी घ्या. मला आता काय करायच्यात दोन-दोन?"

"आई, तुझा माल जुना झाला," भाऊ म्हणाला. "ताईला माझी बसवा. एकाच कारखान्यातली आहे, फिट बसणार."

समन्वयक बाईसुद्धा हसल्या होत्या. मग म्हणाल्या, "प्रत्येकाशी मी शेवटी एकटीच बोलणार आहे, दार लावून. आत कुणी नको म्हणालं, तर ते त्या खोलीतच राहतं. कागदावर आम्ही फक्त 'योग्य नाही' एवढंच लिहितो."

मिलीबाईला तो नियम फार आवडला होता. बाटलीला नेमकं बूच बसावं तसा. तेव्हा तो दुसऱ्या कुणासाठी तरी केलेला वाटत होता.

आईची फाइल पहिल्याच आठवड्यात परत आली. वय, रक्तदाब, आकडे; आईनं ती शेजारीपाजारी सगळ्यांना दाखवली. भाऊ मात्र पुढे पुढे सरकत गेला. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. चार वेळा त्याला बोलावलं. आणि पाचव्यांदा, दार लावून बोलणं झाल्यावर, ही एक ओळ.

साखर पहिल्याच दिवशी तपासतात. तिच्यात अडकलेल्या माणसाला चार वेळा कशाला बोलावतील? आईला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मिलीबाईला होतं.

भाऊ उठून गेल्यावर तिनं कागदाची घडी घातली. आता उरली होती ती मृत दात्याच्या किडनीसाठी थांबलेल्यांची यादी. तिच्यात तिचा नंबर दोनशे अकरावा होता.

तीन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. चौथ्या दिवशी यंत्राशेजारच्या खुर्चीत पडून, नळीतून फिरणारं आपलंच रक्त पाहताना तिच्या मनात आलं, की गाढवानं निदान मला विचारायचं होतं. मी चांगलं कारण काढून दिलं असतं. किडनीला एकाऐवजी तीन धमन्या आहेत म्हणायचं, कोण बघायला येतंय? यानं आजार निवडला तोही दिवसातून चारदा ओठाला लागणारा.

तिला हसू फुटलं. नर्सनं मान वळवली. "काय हो, काय झालं?"

"काही नाही. भाऊ आठवला."

लहानपणी शाळेत लस टोचायला माणसं आली, की हा बाकाखाली शिरायचा. एकदा तिनं त्याच्या देखत आधी स्वतःचा दंड पुढे केला. "बघ, काही होत नाही." तिच्या दंडात सुई गेलेली पाहून तोच धाडकन खाली पडला होता. आता चाळिशी उलटली, दोन मुली झाल्या, तरी रक्त काढताना तो भिंतीकडे तोंड करतो, असं वहिनीच सांगायची.

आणि तरी चार वेळा गेला. मिलीबाईनं बोटांवर मोजलं. चार वेळा बाही वर केली त्यानं. मग जिथवर पाय गेले तिथून परत फिरला.

राग गेला असं नाही. पण तो आता मोजता येण्याइतका झाला.

भावाचं येणं थांबलं नव्हतं. ड्यूटी संपली की तो येई. आईनं त्याच्यासाठी कसलासा कडू काढा करून ठेवायला सुरुवात केली होती. खोकल्याचं औषध घेतानाही नखरे करणारा हा माणूस तो पेलाभर काढा एका दमात, चेहरा न हलवता पिऊन टाकी. तिसऱ्या आठवड्यात आईनं रिकामा पेला हातात घेत विचारलं, "पण मला एक कळत नाही. तुझ्या बाबांना नव्हती, मला नाही. तुलाच कशी रे निघाली, नेमकी आत्ता?"

भाऊ बाहीचं बटण काढून पुन्हा लावू लागला.

"उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ. मीच येते बरोबर. चुकलं असलं त्यांचं, तर ताईचं काम होऊन जाईल."

"आई..."

"काही चुकलेलं नाही," मिलीबाई म्हणाली. "मी सगळे कागद वाचलेत. बरोबर आहेत."

बावीस वर्षांत तिनं एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. आईला ते माहीत होतं. कागदाच्या बाबतीत लेकीपुढे तिचं काही चालत नसे. तिनं पेला खाली ठेवला.

"चहा टाकते," मिलीबाई उठली.

"त्याला बिनसाखरेचा!"

"हो गं, हो."

स्वयंपाकघरात तिनं तीन कप मांडले. आपले साठ मिली मोजून ओतले. भावाच्या कपात दोन चमचे साखर टाकली. मग चमचा कडेला कुठेही लागू न देता, बरोबर मधोमध धरून, सावकाश ढवळलं. मुलांना ती हेच शिकवायची. काचेला काच लागता कामा नये, आवाज आला की मार्क कमी.

आवाज आला नाही.

भावानं पहिला घोट घेतला आणि तो थांबला. कप ओठांपाशीच राहिला. त्यानं वर पाहिलं. मिलीबाई आपल्या कपात बघत होती.

"काय रे, घशाखाली उतरत नाही ना?" आई म्हणाली.

"उतरेल," तो म्हणाला.  "होईल सवय."

त्यानं तळापर्यंत चहा संपवला आणि कप घेऊन स्वतःच मोरीकडे गेला.

"आज सूर्य कुठून उगवला?" आई हसली. "जन्मात कधी कप उचलला नाही पठ्ठ्यानं!"

आतून नळाचा आवाज येऊ लागला. येतच राहिला.

"अरे, एका कपाला केवढं ते पाणी! बंद कर की."

"वाहू दे, आई," मिलीबाई म्हणाली. आपल्या साठातले वीस-एक मिली अजून उरले होते. ते पुरवून पुरवून पीत ती पाण्याचा आवाज ऐकत बसली.