तीन सेकंद

मुलीच्या प्रगतिपत्रकावर ‘अक्षरओळख कच्ची’ असा शेरा वाचून ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगी बोलताना अडखळायची, पण अक्षरं तिला सगळी यायची. दुसऱ्या दिवशी ताई वर्गात मागे जाऊन बसली. टॅबवर मगरीचं चित्र आलं. पोरगी ‘म, म’ करत शब्दापर्यंत पोचायच्या आतच लाल फुली उमटली.

मुलांची अक्षरओळख तपासणारं ते टॅबवरचं सॉफ्टवेअर ताईच्या धाकट्या बहिणीनेच बनवलं होतं. ताई तडक तिच्या घरी धडकली.

“तीन सेकंदांतच बोलायचं, हे कोणी ठरवलं?”

“मीच,” बहीण म्हणाली. “बहुतेक मुलांना तेवढे पुरतात गं.”

“आणि तुझ्या सख्ख्या भाचीला?”

“तिचा विचारच डोक्यात आला नाही.”

“घरातलं पोर आठवलं नाही, तर बाकीच्यांना कोण विचारतंय!”

आठवड्याभरात बहिणीने वेळेची ती अट काढून टाकली. पोरीने पहिल्याच दिवशी सगळी अक्षरं बरोबर म्हटली. बहिणीने फोन केला, “आता तरी राग गेला ना?”

“नाही,” ताई म्हणाली. “आधी तिची माफी माग. आणि ती उत्तर देईपर्यंत मध्ये बोलू नकोस.”