एकशे आठ वॅट

आर्वो किन्नुनेन आणि मी लोखंडाच्या खाणीत एकवीस वर्षं एकाच पाळीत होतो. तो वीजतंत्री, मी खनिज फोडणाऱ्या क्रशरवर. मिनेसोटाच्या या उत्तर टोकाला ज्याच्या घरी दिवा लुकलुकायचा तो आर्वोलाच फोन करायचा, आणि तो निवृत्त झाल्यावरही जायचा. त्याच्या बहिणीचं काय झालं हे गावाला माहीत आहे. कसं झालं ते त्याने दोघांनाच सांगितलं, त्यातला एक मी.

आयली त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. नवरा गेल्यापासून गावाबाहेरच्या ट्रेलरघरात, कारखान्यातून बांधून आणलेल्या पातळ भिंतींच्या घरात, एकटी राहायची. जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी तिने आर्वोला बोलावलं. झोपायच्या खोलीत हीटर लावला की दिवा मंद होतो, एवढीच तक्रार.

"दिवा म्हातारा झालाय की मी, तेवढं बघून सांग," ती म्हणाली.

"दोघंही, ताई," आर्वो म्हणाला आणि मीटर काढला.

हीटर बंद असताना सॉकेटवर एकशे वीस व्होल्ट. हीटर लावला, वीज वाहू लागली बारा अँपिअर, आणि व्होल्ट उतरले एकशे आठवर. म्हणजे बारा व्होल्ट वाटेतच कुठेतरी खर्च होत होते. बारा व्होल्टला बारा अँपिअरने भागलं की वाटेचा रोध एक ओहम. त्या लांबीच्या तारेचा रोध फार तर पाव ओहम असतो, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. उरलेला पाऊण ओहम तारेत नव्हता, सांध्यांत होता. उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध: बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस, त्याच्या पाऊणपट एकशे आठ. भिंतीच्या आत एकशे आठ वॅट उष्णता.

घर सत्तरच्या दशकातलं, तारा अॅल्युमिनियमच्या. अशा तारांचे सांधे काळाबरोबर ढिले पडतात. त्या वाटेवर पाच सांधे होते, प्रत्येक भिंतीतल्या एकेका डब्यात. ती उष्णता पाचांत सारखी वाटली गेली तर प्रत्येकी विसेक वॅट, भिंत नुसती कोमट होईल. एकाच सांध्यात साठली तर तिथलं लाकूड कोळसा व्हायला वेळ लागणार नाही. कुठलं खरं, हे पाचही डबे उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. त्यातले दोन आयलीच्या कपाटामागे होते. लग्नातलं ओकचं कपाट, चिनीमातीच्या भांड्यांनी गच्च भरलेलं. आर्वोची कंबर आठवडाभर धरलेली होती.

"काय झालं रे? तोंड का असं?"

"काही नाही. सांधे ढिले असतील. शनिवारी येऊन घट्ट करतो."

"मग तोवर मी गारठू?"

"हीटर अर्ध्यावर ठेव. अर्ध्यावर ठेवलास की आतला ताप चौथाईवर येतो."

"तुझी गणितं तुझ्याजवळ ठेव. ये, पाव गार होतोय."

तिने वेलदोड्याचा गोड पाव कापला होता. दोघं तास-दीड तास बसले. तिने चर्चमधल्या नव्या ऑर्गनवाल्याची नक्कल केली आणि आर्वो डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला.

गुरुवारी पारा शून्याखाली चौतीसवर गेला. तिची घर तापवणारी गॅसची भट्टी तशीही अर्धीच चालायची. दुपारी ती रजई घेऊन आडवी झाली. तिने हीटर पूर्ण लावला. कुणीही लावला असता. तीन वाजता शेजाऱ्याला धूर दिसला. अग्निशमनवाले दहा मिनिटांत पोचले, पण ट्रेलरघराला दहा मिनिटं फार होतात.

तपासनिसाने कपाटामागचा जळका डबा दाखवून सांगितलं, "जुनी वायरिंग. अशी दर हिवाळ्यात दोन-तीन घरं जातात. कुणाचा दोष नाही." आर्वोने मान हलवली.

दफन वसंतातच होणार होतं, जमीन इतकी गोठली होती. प्रार्थनेनंतर आयलीची मुलगी सिल्वी डुलुथला परत जायच्या आधी आर्वोच्या घरी आली. तिने त्याला मिठी मारली, म्हणाली, "मामा, तू होतास म्हणून मला तिची काळजी नव्हती."

त्याने सगळं सांगून टाकलं. व्होल्ट, अँपिअर, एकशे आठ, पाच डबे. ती उभीच ऐकत राहिली.

"किती वेळ लागला असता?"

"दोन तास. कपाट हलवायचं धरून."

"तिला सांगितलं होतंस?"

"अर्ध्यावर ठेव म्हणालो. का, ते नाही सांगितलं. घाबरली असती गं."

"घाबरायलाच हवी होती, मामा."

 तिने टेबलावरचे कप विसळले, कोट चढवला, गाडी सुरू करून काचेवरचा बर्फ खरवडत राहिली. आर्वो दारात उभा होता. त्याला वाटलं, ओरडेल, एखादी शिवी घालेल. तिने जाताना हात हलवला.

मला त्याने हे मार्चमध्ये सांगितलं, माझ्या स्वयंपाकघरात बसून. मी म्हणालो, "अरे, तुला काय माहीत होतं?"

"तेच तर. मला माहीत होतं," तो म्हणाला. "माहीत नसलेला माणूस डबे उघडून बघतो. मी आकडा काढला, आणि मला परवडेल असा त्याचा अर्थ लावला."

मी त्याच्या कपात कॉफी ओतली. 

मे महिन्यात आयलीला पुरलं. सिल्वी आली, त्याच्या शेजारी उभी राहिली, फुलं टाकली. तो दर रविवारी तिला फोन करतो. ती उचलते. तिकडे तळ्यावर धुकं किती आहे ते सांगते, इकडची हवा विचारते. तो सांगतो. मग ती म्हणते, चल, ठेवते.