पाच पिल्लं आणि भारी काच

आमच्या भाऊजींची चूक झाली, हे वाक्य घरात कुणी ऐकलेलं नाही. फ्रेम वाकडी बसली तर भिंतच वाकडी असते. चहा सांडला तर कपाचं बूड गोल असतं. पंचवीस वर्षं मी त्यांची वहिनी आहे आणि त्यातली पंधरा वर्षं त्यांच्या फ्रेमांच्या दुकानातल्या मागच्या अर्ध्या भागात माझं शिलाई मशीन आहे. म्हणजे मी ऐकीव काही सांगत नाही.

तर एकदा एक मुलगी नोकरीसाठी परगावी निघाली आणि जाताना तिचा शॅमेलियन, म्हणजे तो रंग बदलणारा, डोळे दोन दिशांना फिरवणारा सरडा, भाऊजींकडे ठेवून गेली. "दोनच आठवडे हं काका," म्हणाली. ती गेली ती गेलीच. पुढे कळलं की तो सरडा नव्हता, सरडी होती, आणि पोटुशी होती. अंडी घालून महिन्याभरात सरडीही गेली. भाऊजींनी ती अंडी ओलसर मातीत डब्यात ठेवली आणि सात महिने रोज सकाळी झाकण उघडून पाहिलं. स्वतःच्या लग्नासाठी या माणसाला कधी सवड झाली नव्हती.

सात पिल्लं निघाली. गुंडाळलेली शेपटी सोडली तर करंगळीच्या पेराएवढी एकेक. भाऊजींनी त्यांच्यासाठी दुकानातच काचेचं घर केलं, चारही बाजूंनी काच, वर काच, सांधे असे की नखही शिरू नये. वर दिवा. सकाळ-संध्याकाळ मऊ फडक्यानं पुसायचे.

"विकायला काढलीस का रे?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"तू लांबून बघ. बोटांचे डाग पडतात."

दहा दिवसांत दोन पिल्लं मेली. उरलेली पाच भर दिवसा डोळे मिटून बसायला लागली. सगळ्यात बारकीला मी टाचणी म्हणायचे. तिचे पुढचे पाय फांदीवर थरथरायचे. माशी समोर बसली तरी जीभ निघायची नाही. भाऊजींचं जेवण निम्म्यावर आलं होतं. ते म्हणायचे, "पिल्लंच कमकुवत निघाली," आणि थोड्या वेळानं पुन्हा काचेला नाक लावून उभे. नाकाचा डाग मात्र पुसायचे नाहीत. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

शेवटी माझ्या बटणांच्या डब्यात कापडाच्या चिंध्या घालून आम्ही पाचही जणांना जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी टाचणीला तळहातावर घेतलं, चष्मा वर करून पाहिलं.

"तहानलेली आहेत. डोळे किती खोल गेलेत बघा. पाणी कसं देता?"

"वाटीत," भाऊजी म्हणाले. "रोज ताजं."

"वाटीतलं पाणी यांना पाणी वाटतच नाही. पानावरून ओघळणारा थेंब चाटतात ही. आणि एकत्र ठेवलीत का? एकमेकांना बघून घाबरतात. वेगळी करा. हवा खेळती हवी." मग बाईंनी टाचणीचा पाय अलगद दाबून पाहिला. "हाडं मऊ पडलीत. न दिसणाऱ्या किरणांचा दिवा असतो, तो लावलात का?"

"तोच लावलाय. वाचून आणलाय."

"मग असं व्हायला नको. दिव्याच्या आणि पिल्लांच्या मध्ये काय आहे?"

"काच." भाऊजी जरा ताठ झाले. "साधी नाही हं. माझ्याकडची सगळ्यात भारी. ही काच उन्हातले…"

आणि थांबले.

ते वाक्य मला तोंडपाठ आहे. मशीनवर बसल्या बसल्या हजार वेळा ऐकलंय. 'ही काच उन्हातले न दिसणारे किरण अडवते, त्यामुळे तुमच्या फोटोचा रंग उडत नाही.' गिऱ्हाईक मान डोलावतं आणि भारी काच घेतं.

डॉक्टरीणबाई समजुतीनं म्हणाल्या, "साधी असती तरी किरण अडलेच असते हो. सगळ्यांचं असंच होतं."

आयता रस्ता दिला होता बाईंनी. भाऊजी बाईंच्या तळहातावरच्या टाचणीकडे बघत म्हणाले, "पण साधी नव्हती ना. मला माहीत होतं ती काय करते."

मी बाहेर रस्त्याकडे बघत राहिले. अशा वेळी माणसाकडे बघू नये.

दुकानात परत आल्यावर त्यांनी पात्यानं सांधे कापले आणि एकेक काच उतरवून भिंतीला टेकवून ठेवली. मग माझ्या मशीनपाशी आले. "वहिनी, जाळी शिवता येईल? माशी बाहेर जाऊ नये आणि हवा अडू नये अशी."

"मापं द्या. आणि घाई करू नका, माझ्या शिवणीला भिंत वाकडी असल्याचं कारण चालत नाही."

ते हसले नाहीत, पण टेप मात्र माझ्याच गळ्यातून ओढून घेतला.

फ्रेमांच्या लाकडी पट्ट्यांची त्यांनी पाच घरं केली. नक्षीच्या सोनेरी पट्ट्या होत्या, दुसऱ्या शिल्लक नव्हत्या. काचेच्या जागी माझी जाळी, मध्ये कापडी पडदे, म्हणजे कुणाला कुणी दिसायला नको. दिवा जाळीच्या वर, टेपनं मोजून. माझ्या इस्त्रीचा फवारा त्यांनी पळवला. वर पाण्याची बाटली टांगून तिच्या बुचातून दोरा सोडला, त्यावरून थेंब पानावर येई. घरी माझ्या ओट्यावर पिकल्या केळ्याच्या बाटलीत माश्या वाढत होत्या. त्या कॅल्शियमच्या पुडीत घोळवायच्या आणि आत सोडायच्या. "आपल्या घरात सगळ्यात नीट जेवण माश्यांना मिळतं," आमचे हे म्हणाले. पण बाटलीला झाकण तेच घट्ट लावायचे.

ज्यांना जीभ काढता येत नव्हती त्यांच्या ओठांच्या कडेला भाऊजी बाईंनी दिलेल्या औषधाचा थेंब ठेवायचे. हातोडीनं सुजलेली, काचेनं कापलेली ती बोटं. एकेका थेंबाला पाच मिनिटं लागत, आणि तेवढा वेळ हा माणूस श्वास कुठून घेत होता कोण जाणे. मी बाह्या, काज-बटणं करणारी बाई. हात कुणाचा स्थिर आहे ते मला कळतं.

चौथ्या दिवशी एक पिल्लू गेलंच. भाऊजींनी त्याचं घर मोडलं नाही, रिकामं तसंच ठेवलं. "किरण अडले होते तेवढे दिवस," एवढंच म्हणाले. पिल्लू कमकुवत होतं असं नाही म्हणाले.

तिघांनी हळूहळू डोळे उघडले. त्यांच्या अंगावरचा काळपटपणा जाऊन कोवळा हिरवा रंग चढला. टाचणी मात्र मिटलेलीच. दहाव्या दिवशी सकाळी एक गृहस्थ मोठा फोटो घेऊन आले. भाऊजी चौकट ठोकत होते. हातोडी हवेतच राहिली.

"मला भारी काच हवी," गृहस्थ म्हणाले. "काय फरक असतो हो तिच्यात?"

"थांबा जरा."

"का?"

"ती पाणी पितेय."

गृहस्थांनी वळून पाहिलं. सोनेरी चौकटीत, जाळीमागे, टाचणीचे दोन्ही डोळे टक्क उघडे होते. एक आमच्याकडे, एक थेंबाकडे. थेंब पानाच्या टोकाशी आला, तिनं चाटला. दुसऱ्याची वाट बघत बसली.

मीही मशीनवरचा पाय थांबवला. गृहस्थांनी फोटो हळूच भिंतीला टेकवला आणि तेही थांबले.